‘काही लागलं तर सांगा’चं पुढे काय करायचं? अपंगत्वासह स्वतंत्र राहताना माणसांची घडी बसवण्याविषयी

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य तुम्ही आत्तापर्यंत शंभरदा तरी ऐकलं असेल. म्हणणारा अगदी मनापासून म्हणतो, आपणही मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. ‘काही’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला ठाऊक नसतं. ‘सांगा’ म्हणजे कधी, कितीदा आणि कोणत्या तोंडाने, हे आपल्याला. मानेजवळच्या मणक्याला इजा झाल्यावर दीड वर्ष घरच्यांकडे काढून मी वेगळी राहायला लागले, तेव्हा असं म्हणणारी चौदा माणसं माझ्या ओळखीत होती. पहिल्या पंधरवड्यात एकही फिरकलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

घरच्यांपासून किंवा एखाद्या संस्थेतून बाहेर पडून स्वतःच्या जागेत राहू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे, आणि त्यांच्या आसपास असणाऱ्यांसाठीही. मी व्हीलचेअर वापरते, त्यामुळे उदाहरणं माझ्या बाजूला झुकलेली असणार. अपंगत्व दृष्टीचं, श्रवणाचं किंवा बौद्धिक असेल तर तपशील बदलतात, पण घडी बसवायची रीत फारशी बदलत नाही.

सुरुवातीआधी

स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं एकट्याने करणं, ही समजूत आधी डोक्यातून काढा. शर्टाची बटणं लावायला मला पंचवीस मिनिटं लागतात, मदतनिसाला एक. उरलेली चोवीस मिनिटं कशात घालवायची हे मी ठरवते, माझ्या लेखी हेच स्वातंत्र्य. मदत घेणारा परावलंबी नसतो. मदत कधी, कुणाची आणि कशी घ्यायची हे दुसरंच कुणी ठरवत असेल, तर तो परावलंबी.

हा विचार माझा नाही. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालची हालचाल जवळजवळ गेली, रात्री श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाच्या यंत्रात झोपावं लागे. १९६२ साली ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा त्या अवजड यंत्रासह राहता येईल असं वसतिगृहच नव्हतं. आवारातल्या रुग्णालयात त्यांची सोय झाली. पाठोपाठ तसेच आणखी विद्यार्थी आले. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. मदतनीस मिळवून देणं, राहण्याजोगी घरं शोधणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं आणि अनुभवी अपंग माणसाने नवख्याला सल्ला देणं ही तिथली कामं, आणि कारभार अपंगांच्याच हातात. ज्या सरकारी पुनर्वसन विभागाने रॉबर्ट्स नोकरी करण्याच्या लायकीचे नाहीत असं एकेकाळी ठरवलं होतं, त्याच विभागाचे ते १९७५ मध्ये प्रमुख झाले. ही गोष्ट मी नव्या माणसांना हटकून सांगते, कारण ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते पाहण्यासारखं असतं.

आणि घरात कुणी ‘हे कसले नवे हट्ट’ म्हणालं, तर संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारातलं कलम १९ दाखवा. हा करार २००६ मध्ये मंजूर झाला आणि २००८ पासून अमलात आहे. कुठे राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे इतरांप्रमाणेच अपंग व्यक्तीनेही निवडावं, आणि समाजात राहण्यासाठी लागणारी मदत, त्यात वैयक्तिक मदतनीसही आला, तिला मिळावी, असं ते कलम सांगतं.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

माणसं गोळा करण्याआधी एक वही घ्या. सात दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, जिथे जिथे दुसऱ्याचा हात, डोळा किंवा आवाज लागला ते वेळेसकट टिपा. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवा. माझ्या वहीतलं एक पान असं होतं: ‘६.५० पडदा. ७.०० पलंगावरून खुर्चीत, १० मिनिटं. ७.१५ बाटलीचं झाकण. ७.२० शौच-आंघोळ, ५० मिनिटं. ८.१५ चार्जरची पिन. ८.१६ चार्जरची पिन पुन्हा, खाली पडली.’

लिहिताना लाज वाटेल. तरी लिहा. आपल्याला ‘दिवसभर कुणीतरी लागतं’ असं घरचे म्हणतात आणि आपणही तेच धरून चालतो. वहीत बेरीज केली तेव्हा माझे दिवसाचे तीन तास चाळीस मिनिटं भरले. ‘दिवसभर’ आणि ‘पावणेचार तास’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या आकड्याची व्यवस्था करता येते.

मग प्रत्येक नोंदीसमोर खूण करा: हे काम वेळेवरच व्हायला हवं, हे मागे-पुढे चालेल, हे दोन दिवस राहिलं तरी बिघडत नाही. औषध पहिल्या गटात, पत्रं वाचून घेणं बहुधा दुसऱ्यात, कपाट आवरणं तिसऱ्यात. पुढची सगळी आखणी या खुणांवर उभी राहते.

दुसरी पायरी: माणसांच्या आधी वस्तू

वहीतली बरीच कामं माणसाशिवाय निपटतात. बाटलीऐवजी नळी लावलेलं भांडं, गोल मुठीऐवजी खाली दाबायची दांडी असलेलं हँडल, आवाजावर चालणारे दिवे, चुंबकाने चिकटणारा चार्जर. माझी पिन त्यानंतर कधी पडली नाही.

घराची मापं मात्र टेपने घ्या, अंदाजाने नको. दरवाजा उघडल्यावर मोकळी जागा किमान ८१ सेंटिमीटर म्हणजे ३२ इंच हवी, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. रॅम्पचा उतार १:१२ ठेवा: १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांब रॅम्प. हौसेने कुणी दोन हात लांबीची फळी टेकवून ‘झाला रॅम्प’ म्हणेल. त्या फळीवरून मी एकदा मागे कलंडले आहे.

तिसरी पायरी: पगारी काम कुठलं, सोबतीचं कुठलं

यावर दुमत आहे, म्हणून माझं मत ठामपणे सांगते. आंघोळ, शौच, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, रोजचं उठणं-बसणं ही कामं जमेल तितकी पगारी मदतनिसाकडे द्या. ज्याला मोबदला मिळतो त्याला ‘पाणी गरम आहे, गार घाल’ असं बिनदिक्कत सांगता येतं. फुकट करणाऱ्याला आपण सांगत नाही, पोळून घेतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

स्वीडनमध्ये आडोल्फ रात्झ्का आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८४ मध्ये ‘स्टिल’ नावाची सहकारी संस्था काढली, ती याच मुद्द्यावर. मदतनीस कोण असावा, त्याने काय, कधी आणि कसं करावं हे मदत घेणाराच ठरवील. १९९४ पासून तिथे वैयक्तिक मदतनिसाचा हक्क कायद्यात आला. सगळीकडे सरकार असा खर्च उचलत नाही, हे मान्य. पैसे थोडेच असतील तर ते सकाळच्या त्या एका तासावर लावा आणि बाकीचं माणसांत वाटा.

सोबतीची माणसं कशाला? बाहेर जाताना, अर्ज-कागदांसाठी, रात्री एक फोन करायला, मदतनीस आला नाही तर धावून यायला. आणि नुसतं बसायलासुद्धा, हे विसरू नका. ज्याच्या घरी फक्त कामासाठी माणसं येतात त्याचं घर हळूहळू वॉर्डसारखं होत जातं.

सख्ख्या बहिणीला शक्यतो पाळी देऊ नका. तिला बहीण राहू द्या.

चौथी पायरी: बोलावणं

आता त्या चौदा जणांकडे परत जाऊ. एक यादी करा आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकत्र बोलवा. एकेकट्याला विचारलं की त्याला वाटतं सगळं माझ्याच गळ्यात पडणार. सगळे एकत्र बसले की दहा जणांची लाकडं, एकाचा भारा हे दिसतं. टोरांटोत १९८० च्या सुमारास ज्युडिथ स्नो या तरुणीभोवती तिच्या मैत्रिणीने, मार्शा फॉरेस्टने, अशीच माणसं जमवली. स्नो यांना हातापायांची हालचाल जवळपास नव्हती आणि दुसरी सोय नसल्याने त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहावं लागलं होतं. त्या गटाने अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला, मदतनिसांची व्यवस्था लावून घेतली, आणि स्नो बाहेर पडल्या. ‘सर्कल ऑफ सपोर्ट’ म्हणून ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. आम्ही आपलं ‘मंडळ’ म्हणतो.

बैठक तासाभरात आटपा. तुमचा आजार, अपघात, नशीब यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका, कारण एकदा डोळे पाणावले की कुणीच ‘मला मंगळवार जमणार नाही’ म्हणत नाही, आणि मंगळवारी येतही नाही. सरळ वहीतली कामं भिंतीवर लावा. प्रत्येक कागदावर एक काम, वार आणि वेळ: ‘मंगळवार, संध्याकाळी सहा ते सात, टपाल वाचून उत्तरं लिहिणं.’ ज्याला जे जमेल ते त्याने उचलायचं. काही कागद भिंतीवरच राहतील. ते तसेच दिसू द्या, घाईने कुणाच्या माथी मारू नका. माझ्याकडे चौदांतल्या सहा जणांनी कागद उचलले. दोघांनी स्पष्ट नाही सांगितलं, आणि त्यांच्याशी माझं आजही उत्तम जमतं. उरलेले सहा पुन्हा म्हणाले, ‘काही लागलं तर सांगा.’

मुदत घाला: तीन महिने. ‘कायमचं’ या शब्दाला माणसं बिचकतात. तीन महिन्यांनी थांबायची मोकळीक असली की बरेच जण थांबत नाहीत.

पाचवी पायरी: मदत शिकवणं

इथे वेळ घाला, कारण सगळ्यात जास्त इजा चांगल्या मनाने केलेल्या चुकीच्या मदतीतून होते. एका धडधाकट, प्रेमळ गृहस्थांनी मला पहिल्याच दिवशी काखेत हात घालून उचललं. तीन आठवडे खांदा दुखत होता आणि मी त्यांना सांगू शकले नाही, कारण ते फार खूश होते. त्या खांद्यावरच माझं निम्मं आयुष्य चालतं.

आता मी प्रत्येक नव्या माणसाला तीच तालीम देते. खुर्ची पलंगाला अगदी समांतर नाही, किंचित तिरकी लाव. दोन्ही ब्रेक. ब्रेक लागले का ते खुर्ची हलवून बघ. पलंगाच्या बाजूचा हातठेवा काढ, पायठेवे बाजूला फिरव. माझी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेव, बुटातलं बोट दुमडलंय का बघ, मला ते कळत नाही. सरकफळीचं, म्हणजे जिच्यावरून मी सरकते त्या फळीचं, एक टोक मांडीखाली, दुसरं पलंगावर, फटीवर नको. तुझे गुडघे माझ्या गुडघ्यांसमोर, पाठ सरळ. आणि आकडे मी मोजणार. एक, दोन, तीन. ज्याला हलवायचं त्यानेच मोजायचं, हा नियम मी कधीच मोडू देत नाही. दुसऱ्याने मोजलं की शरीर दचकतं.

हे सगळं एका पानावर लिहून पलंगाशेजारी लावा. दुसरं पान तातडीचं. माझ्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे: ‘अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर आडवं करू नका. बसतं करा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. लगेच फरक पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवा.’ छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असणाऱ्यांचा रक्तदाब असा एकाएकी चढू शकतो, आणि कारण बहुतेक वेळा तुंबलेलं मूत्राशय असतं. चक्कर आली म्हणून आडवं करायची सवय सगळ्यांना असते. इथे ती घातक ठरते. तुमच्या पानावर काय हवं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहा.

इतरांसाठी थोडक्यात. दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून ओढू नका. तिला तुमच्या कोपराच्या वर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही निघून जात असाल तेव्हा ‘मी जातोय’ असं सांगून जा, नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. दुभाषी असला तरी बोलताना नजर कर्णबधिर व्यक्तीकडेच. उच्चार अस्पष्ट असणाऱ्याचं समजलं नाही तर समजल्यासारखं हसू नका. जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवा, पुढचं तो सांगेल.

आणि सगळ्यांनाच लागू: एका कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी माझ्यासोबतच्या मैत्रिणीला विचारलं, ‘यांना सही करता येते का?’ मैत्रीण शांतपणे छताकडे बघत उभी राहिली. तीन सेकंदांनी बाईंना माझ्याकडे बघावंच लागलं. हे छताकडे बघणं मी आता मंडळातल्या सगळ्यांना शिकवते.

सहावी पायरी: दांडीचा दिवस

मदतनीस येणार नाही असा दिवस उजाडणारच. पहिल्या महिन्यातच उजाडतो. तेव्हा पहाटे साडेसहाला यादी करत बसू नका. आधीच ठरवून ठेवा. पहिला फोन कुणाला, त्याने दहा मिनिटांत उचलला नाही तर दुसरा कुणाला, तोही नाही तर तिसरा. तिघांनी ‘वेळी-अवेळी चालेल’ असं तोंडाने कबूल केलेलं असावं. आणि महिन्यातून एकदा खोटी दांडी करून बघा. आमच्या पहिल्या चाचणीत पहिल्याचा फोन सायलेंटवर होता, दुसरी परगावी होती आणि तिसऱ्याकडे किल्लीच नव्हती.

त्या दिवशी सगळं करायचं नसतं. वहीतल्या पहिल्या गटातली कामं तेवढी उरकायची. संवेदना नसलेल्या जागी जखम होऊ नये म्हणून खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवणं मात्र दांडीच्या दिवशीही चुकवता येत नाही.

फोन गळ्यात अडकवा. माझा एकदा हातातून निसटून पलंगाखाली गेला. चार तास तो वाजत होता आणि मी ऐकत होते.

किल्ल्या, पैसे, तोंड

किल्ली किती जणांकडे आहे ते लिहून ठेवा. तीनपेक्षा जास्त नको. किल्ली असली तरी बेल वाजवायची, उत्तराची वाट बघायची. पैशांची कामं आणि अंगाची कामं एकाच माणसाकडे देऊ नका. तो बेइमान असेल म्हणून नव्हे. उद्या शंका आली तर विचारायला तोंड राहावं म्हणून. आणि घरात दिसलेलं घरातच ठेवायचं, हे पहिल्याच बैठकीत बोला. माझं पोट बिघडल्याची बातमी माझ्याआधी जिन्याच्या तळाशी पोचली होती. ज्यांनी ती पोचवली त्यांना वाटत होतं की त्या काळजी करताहेत.

निर्णयाला सोबत लागत असेल तर

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत मंडळाचं काम थोडं निराळं, आणि अवघड. तिथे हात नव्हे, विचार करायला सोबत हवी असते. माझ्या ओळखीचा एक तरुण वेगळ्या खोलीत राहायला गेला तेव्हा त्याच्या पाच जणांनी तीन खोल्यांचे फोटो काढले, प्रत्येक खोलीत त्याला एक दुपार घालवू दिली, आणि मग विचारलं. त्याने सगळ्यांत लहान, रस्त्याकडची, गोंगाटाची खोली निवडली. सगळ्यांचं मत दुसरीला होतं. बस दिसतात, म्हणून हीच, एवढं त्याचं कारण. तो चार वर्षं तिथेच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातलं कलम १२ हेच सांगतं: कायद्यापुढे अपंग व्यक्तीचा निर्णय तिचाच, आणि तो घ्यायला मदत लागली तर ती द्यावी. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये ‘डिग्निटी ऑफ रिस्क’ हा शब्दप्रयोग रूढ केला. धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो, असा त्याचा अर्थ. तुम्ही मंडळात असाल तर स्वतःला एकच विचारा: हा निर्णय धोक्याचा आहे, की फक्त मला न आवडणारा? पहिला असेल तर धोका सोप्या शब्दांत, चित्रांनी, पुन्हा पुन्हा समजावा. दुसरा असेल तर गप्प बसा.

तीन महिन्यांनी

मुदत संपली की पुन्हा बैठक. कुणाला थांबायचं असेल तर कारण विचारू नका, किल्ली परत घ्या आणि पुढच्या आठवड्यात त्याला काम नसताना नुसतं बोलवा. कुणाचं वागणं पटत नसेल तर त्याच दिवशी, एकट्यात, एका वाक्यात सांगा. मी एकदा पाच महिने गिळत बसले आणि मग नको त्या गोष्टीवरून नको तेवढी भडकले.

तुमच्याकडून काय जाईल, तेही या बैठकीत ठरवा. मी मंडळातल्या एकीच्या मुलीला गणित शिकवते आणि दुसऱ्याचे सगळे अर्ज भरून देते, कारण अर्ज भरण्यात माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही.

शेवटी पलंगाशेजारची दोन्ही पानं काढून वाचा. औषधं बदलली असतील, फोन नंबर बदलले असतील. दुरुस्त्या करा, खाली नवी तारीख घाला आणि जुनी पानं फाडून टाका. जुनं पान भिंतीवर राहिलं की घाईत नेमकं तेच वाचलं जातं.